उखर्डू जागल्या आणि गाजरगवताचे भुंगेरे

उखर्डूच्या आईची चार मुलं पाळण्यातच गेली होती. पाचवा हा झाला, तेव्हा सुईणीनं नाळ कापल्याबरोबर त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीनं "कुणाचं हे टाकलेलं?" म्हणत उचललं आणि पसाभर ज्वारी घेऊन आईलाच परत विकलं. नाव पडलं उखर्डू. मरणानं दारातून डोकावलं तरी त्याला वाटावं, हा माल टाकाऊ आहे. मरण फसलं, पोरगा जगला. पण आपण फसवाफसवीनं जगलो, हे आई त्याला उठता-बसता ऐकवायची. त्यामुळे असेल, जगातला प्रत्येकजण काहीतरी उचलायला टपलेला आहे ही समजूत त्याच्या हाडीमाशी मुरली. असल्या माणसाला पुढे गावानं जागल्या केलं, यात नवल नव्हतं.

भोनखेडे हे पांझरा नदीच्या काठचं गाव. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली चार फड. फड म्हणजे गावाच्या भिजत्या जमिनीचा एकेक मोठा तुकडा. मालक तीस असोत की पन्नास, एका फडात पीक एकच. कुठल्या फडात यंदा काय घ्यायचं आणि कुठला पडीक ठेवायचा, ते पंच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बसून ठरवत. पाणी पाटकरी सोडायचा, पिकाची राखण जागल्या करायचा. कुणाच्या वाफ्यातलं एक कणीस गेलं तरी पंच जागल्याला समोर उभा करत, आणि सुगीला प्रत्येक मालक त्याला हिश्श्याच्या पेंढ्या देई.

हे काम उखर्डूनं तीस वर्षं केलं आणि तीस वर्षांत त्याचा संशय एकदाही फुकट गेला नाही, असं तो स्वतः सांगायचा. त्याची एक रीत होती. दिवस कलला की निंबाची फांदी घेऊन फडात शिरणाऱ्या प्रत्येक पायवाटेवरची माती तो झाडून सारखी करायचा आणि सकाळी त्या मातीवरची पावलं वाचायचा. शेतकरी वनाचा डावा अंगठा बाहेर पळतो, ताईबाईची टाच उभी फुटलेली आहे, पाटकऱ्याच्या चपलेला टायरचा तुकडा लावलेला आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. एकदा कणसं गेली आणि वनानं म्हशीवर आळ घेतला, तेव्हा उखर्डूनं त्याला मातीपाशी नेऊन विचारलं होतं, "म्हैसले अंगठा कवयपासून फुटना रे?" त्यावर गाव महिनाभर हसलं.

वाटेनं कुणी गाठोडं घेऊन निघालं की त्याचा सवाल ठरलेला. "काय शे त्याम्हा?" पुढे तो उत्तराकडे कमी आणि उत्तर द्यायला लागलेल्या वेळाकडे जास्त लक्ष द्यायचा. आपल्या हाताखाली तयार होत असलेल्या सुकदेवाला त्यानं हेच शिकवलं होतं. "सरळ मानूस वस्तूनं नाव सांगस. चोर पहिले सांगस, काय नही." सुकदेव चाळिशीचा, कमी बोलणारा गडी, त्यानं ते लक्षात ठेवलं.

उखर्डूची बायको भिकुबाई या सवयीला विटली होती. ती म्हणायची, "देव दारमा उना तरी तुम्ही त्याले इचारशात, झोळीमा काय शे."

तर अशा या माणसाच्या नाकावर टिच्चून एक चोर फडात शिरला आणि त्याची पावलं कुठं उमटली नाहीत. तो म्हणजे गाजरगवत. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर परदेशी गहू आला, त्याच्या पोत्यांतून ते आलं असं म्हातारे सांगत. खरं-खोटं कुणी बघितलंय! आधी ते गावाच्या रस्त्याकडेला होतं, मग पाटाच्या दोन्ही काठांवर आलं, मग पडीक फड त्यानं गिळला. गाजराच्या पाल्यासारखी नाजूक पानं, वर पांढऱ्या फुलांचा चुरा. ढोरं तोंड लावत नाहीत, जाळलं तर धुरानं खोकला येतो, उपटलं तर हात खाजतात.

त्यात पावसानं आपली रीत सोडली. पूर्वी कुठल्या नक्षत्रात पेरायचं, कधी निंदायचं, कधी कापायचं, याचा हिशेब आजोबांपासून चालत आलेला होता. आता मृग कोरडा जायचा, आषाढात धूळ उडायची आणि पौषात सरी कोसळायच्या. शहाऐंशी-सत्त्याऐंशीला तर बंधाऱ्याचा तळ दिसला. पिकाला हे झेपत नव्हतं. गाजरगवताला मात्र कुठल्याही महिन्यातली एक सर पुरायची. महिन्या-दीड महिन्यात ते फुलावर येई आणि पुढच्या सरीसाठी बी सांडून मोकळं होई. बायका निंदायच्या ठरल्या वेळी जात आणि गवत आपल्या वेळी येई. उखर्डूला याचा मनापासून राग होता. ज्याला "काय शे त्याम्हा" असं विचारता येत नाही, त्याची राखण करायची तरी कशी?

नव्वद साली त्याचं अंग खाजायला लागलं. आधी कोपरांच्या वळणात, मग मानेवर, मग पापण्यांवर. उन्हात गेलं की कातडी पेटायची, सुजायची, तिच्यातून पाणी यायचं. बरी झाली की जाड आणि काळी व्हायची. उखर्डूनं एकेकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. नवा साबण झाला, रेशनचं तेल झालं, वनानं दिलेली तंबाखू झाली. धुळ्याच्या चामडीच्या डॉक्टरनं त्याचे हात पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे गाजरगवत फार आहे का?" झालं! उखर्डूच्या मनात पाल चुकचुकली. नाडी बघितली नाही, पोट दाबलं नाही, आणि याला गवत कसं ठाऊक? नक्की गावातल्या कुणीतरी आधीच कान भरले असणार.

"त्या गवतापासून दूर राहा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर औषधं घेऊनही हे वाढत जाईल. मग उन्हात उभं राहता येणार नाही."

जागल्यानं उन्हात उभं राहायचं नाही, तर मग करायचं काय? उखर्डूनं मलम आणलं, आठ दिवस लावलं आणि पुन्हा फडात गेला.

एक्याण्णवच्या पावसाळ्यात कुसुमलता आली. साक्रीच्या बाजारपेठेत दीपचंद शेठचं बियाण्याचं दुकान होतं, त्यांची ही मुलगी. धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अंगानं बारीक, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला शबनम आणि हातात झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. पाटावर उखर्डू आडवा आलाच.

"ताई, डबामा काय शे?"

"भुंगेरे आहेत, नाना," ती सरळ म्हणाली. "बंगलोरहून आणलेत. मूळचे मेक्सिकोचे. हे फक्त गाजरगवत खातात."

उखर्डूनं डब्याला डोळा लावला. आत मळकट पांढरे, पाठीवर काळ्या रेघा असलेले, हरभऱ्याच्या दाण्याएवढे किडे चालत होते.

"आनि गवत सरनं की मंग काय खातीन?"

"उपाशी मरतील. पण सगळं गवत सरणार नाही, नाना. पाऊस असाच वागत राहिला तर ते वर्षातून चारदा उगवेल. हे निदान त्याला फुलावर येऊ देणार नाहीत. कोरड्या दिवसांत ते जमिनीत शिरून झोपतात आणि पाऊस पडला की वर येतात."

"उपाशी मरनारं जनावर मी आजून दखं नही," उखर्डू म्हणाला. "ते शेजारना घरमा जास."

ती हसली नाही. त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हीच जागा दाखवा. म्हणाल तिथं सोडते."

आता यात काहीतरी पाणी मुरतंय, हे उखर्डूला दिसत होतं. दीपचंद शेठच्या दुकानात बियाणं मिळे, खत मिळे, पण किडे मारायचं औषध त्यांनी कधी ठेवलं नाही. जीवहत्येचा माल नको, म्हणत. मुंग्यांच्या वारुळावर पीठ घालणारी ही माणसं. त्यांच्या घरची पोर फुकट किडे वाटत हिंडते, ते काय उगाच? पण अभिमन आबांनी, म्हणजे पंचांतल्या सगळ्यात थोरल्यांनी, तिला परवानगी दिली होती. तेव्हा उखर्डूनं तिला फडापासून सगळ्यात लांबची जागा दाखवली. बंधाऱ्याच्या अंगाला सात आसरा होत्या, म्हणजे शेंदूर फासलेले सात दगड. पाण्याच्या देवी त्या. तिथं विळा लावायचा नाही, फावडं घालायचं नाही, असा गावाचा दंडक. त्यामुळे गाजरगवत तिथं माणसाच्या छातीपर्यंत माजलं होतं. शिवाय जागल्याची हद्द पाटाला संपत होती. उद्या काही भलतं झालंच तर ते आपल्या हद्दीतलं नाही, एवढी सोय त्यानं करून ठेवली.

भुंगेरे सोडले गेले. वर्षभर कुणाला त्यांची आठवणही राहिली नाही.

ब्याण्णवला पंचांनी पाटालगतच्या फडात सूर्यफूल घेतलं. तेव्हा सूर्यफुलाचं वारं सगळीकडे होतं. बियाणं दीपचंद शेठच्या दुकानातून आलं. भाद्रपदात फड पिवळाजर्द फुलला, आणि एका सकाळी उखर्डूला पाटाकडेच्या झाडांच्या पानांवर भोकं दिसली. पान उलटवलं, तर खाली तोच रेघांचा किडा.

त्याला एकदम आनंद झाला. हे सांगायला वाईट वाटतं, पण खरं आहे. आपला संशय खरा ठरला याचा आनंद माणसाला कसा वेडा करतो, ते त्या सकाळी पाहायला हवं होतं. तो गावाच्या दिशेनं तोंड करून ओरडला, "फडमा किडा शिरना रे! धावा रे!"

गाव धावलं. धावेपर्यंतच्या वेळात उखर्डूनं, सवयीनं, माग काढला. भोकं फक्त पाटालगतच्या पहिल्या दोन ओळींत होती. तिसऱ्या ओळीत एक पानसुद्धा खाल्लेलं नव्हतं. आणि खाल्लेल्या पानांवर पिठासारखी पांढरट धूळ बसली होती. पाटाच्या काठावर गाजरगवत फुलून वाऱ्यावर हलत होतं. पाऊल वाचणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं होतं. पण लोक जवळ आले तेव्हा तो म्हणाला ते एवढंच, "बाप बियानं इकस, पोर किडा सोडस. आते समजा."

निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी कुसुमलता पहिल्या एसटीनं आली. पारावर पंच बसलेले, भोवती सगळा फड, म्हणजे फडाचे सगळे मालक. तिनं फडातून सूर्यफुलाची दोन पानं आणली होती. एक ओल्या फडक्यानं पुसलं, दुसरं तसंच धुळीचं ठेवलं, आणि दोन्हींच्या मधोमध एक भुंगेरा सोडला. तो थोडा फिरला आणि धुळीच्या पानावर जाऊन बसला. दुसरा सोडला, तोही तिकडेच गेला.

"ही धूळ गाजरगवताच्या फुलांची आहे," ती म्हणाली. "तिच्या वासानं ते फसतात. चार भोकं पाडतात आणि परत जातात. तुमचं पीक ते खाऊ शकत नाहीत. नानांना विचारा, आतल्या ओळींत एक तरी भोक आहे का?"

अभिमन आबांनी मान वळवली. "उखर्डू, तुनं काय म्हननं शे? तू सांगशी तसं."

सगळा फड त्याच्याकडे बघत होता. तीस वर्षांत त्याचा शब्द पंचांनी कधी खाली पडू दिला नव्हता. तिसऱ्या ओळीचं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं तर कालची हाळी खोटी पडत होती.

"आज धूळ खास, उद्या पान खाई," तो म्हणाला. "माले भरोसा नही."

किडा दिसला की हाळी मारायची आणि औषध फवारायचं, असा हुकूम पंचांनी सोडला आणि संध्याकाळपर्यंत पाठीवर पंप घेतलेले आठ गडी पाटाच्या काठानं फिरले. फडाच्या कडेच्या ओळींवर, पाटावर, गवतावर औषध मारलं. फक्त आसरांपाशी पोहोचल्यावर ते थांबले. तिथं लोखंड चालत नाही, मग विष कसं चालेल? हात जोडून मागे फिरले.

कुसुमलता शेवटपर्यंत पाटावर उभी होती. जाताना तिनं रिकामा डबा उखर्डूच्या पायाशी ठेवला. "नाना, मागच्या वर्षी तुमचे हात बघितले म्हणून ते इथं सोडले होते," एवढंच बोलली आणि एसटीच्या थांब्याकडे गेली. ती परत भोनखेड्याला आली नाही. डबा भिकुबाईनं उचलला आणि धुऊन त्यात तिखट भरलं.

औषधानं भुंगेरे मेले, तशा मधमाश्याही मेल्या. कडेच्या ओळींची फुलं पोचट निघाली, दाणा भरलाच नाही. गाजरगवत पंधरा दिवस पिवळं पडून राहिलं आणि अवेळी आलेल्या एका पावसानं पुन्हा हिरवंगार झालं.

त्या हिवाळ्यात उखर्डूचे डोळे सुजेनं मिटायला लागले. चेहरा जाड, कान लोंबते, बोटांना भेगा. गाव त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलं. पारावर त्याच्यासाठी चहाची कपबशी बाजूला ठेवलेली असायची. "महारोग ते नसे ना?" असं ताईबाईनं विहिरीवर विचारलं ते भिकुबाईच्या कानावर आलं. वनाची सून लेकराला त्याच्या वाटेतून उचलून घ्यायची. लोकांचे डोळे कसे बारीक होतात, बोलणं मध्येच कसं थांबतं, हे उखर्डूइतकं कुणाला कळणार? आयुष्यभर त्यानं हेच तर केलं होतं. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि भिकुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला जेवायला हाक मारायची.

पंचांनी जागल्याची काठी सुकदेवाच्या हाती दिली. ज्याला उन्हात डोळे उघडता येत नाहीत तो राखण कशी करणार? त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

माघात नथ्थू येऊन त्याला दीपनगरला घेऊन गेला. नथ्थू त्याचा भाचा, तिथल्या वीज केंद्रात नोकरीला, क्वार्टर दोन खोल्यांचं. उखर्डूला करमेना. सकाळी उठून तो कॉलनीच्या फाटकापाशी बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिशवीत काय आहे ते विचारायचा. नथ्थू कानकोंडा व्हायचा. "मामा, ह्या लोके आपला फडना नही शेतस!"

पण दोन महिन्यांत कातडीची सालं निघाली आणि खालून नवी, मऊ कातडी आली. डोळे उघडले. उखर्डूला ते खरं वाटेना. हवा बदलली म्हणून असेल, पाणी बदललं म्हणून असेल. मग त्यानं स्वतःच छडा लावायचं ठरवलं. कॉलनीमागच्या नाल्यापाशी गाजरगवताचं एक बेट होतं. त्यातली चार पानं त्यानं डाव्या कोपरात चोळली. उजव्याला काही लावलं नाही. तिसऱ्या दिवशी डावं कोपर पेटलं. उजवं जसंच्या तसं होतं.

दोन्ही हात त्यानं मांडीवर शेजारी-शेजारी ठेवले. एक पुसलेलं पान आणि एक धुळीचं पान त्याच्या डोळ्यांसमोर आलं. डॉक्टर खरं बोलला होता, ती पोर खरं बोलली होती, आणि सगळ्या प्रकरणात लपवाछपवी केली होती ती एकट्यानं, त्यानं स्वतः. त्याला लाज वाटली. इतकी की नथ्थूनं जेवायला हाक मारली तर त्याला उठवेना.

श्रावणात कानबाई आली, म्हणजे घरोघर देवी बसवायचा सण आला. कानबाईच्या रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, घरचा माणूस घराबाहेर राहत नाही, तेव्हा उखर्डूला परत यावंच लागलं. चार दिवस राहून दीपनगरला परतायचं, तिथंच उरलेलं आयुष्य फाटकापाशी काढायचं, असं नथ्थूनं आणि भिकुबाईनं ठरवून टाकलं होतं. पाऊस त्या वर्षी रुसला होता. तो कानबाईच्या आठवड्यात एकदाचा कोसळला.

रोट झाल्यावर उखर्डू अंगभर धोतर गुंडाळून आसरांना नारळ ठेवायला गेला आणि जागच्या जागी थांबला. सात दगडांभोवतालचं गवत नुसत्या काड्यांवर उभं होतं. पानं नव्हती, फुलं नव्हती. काड्यांवर मळकट पांढरे, काळ्या रेघांचे किडे चालत होते, आणि ओल्या मातीतून आणखी एक अंग झाडत वर येत होता. वर्षभर जमिनीत झोपून ते उठले होते. तीस वर्षांच्या सवयीनं त्याचं तोंड हाळी मारायला उघडलं. त्यानं ते हातानं दाबून धरलं.

दीपनगरला जायचं त्यानं टाळलं. भिकुबाईच्या डब्यातलं तिखट कागदात ओतलं, झाकणाला पुन्हा भोकं पाडली, आणि रोज सकाळी उजाडल्यावर आसरांपासून मूठ-मूठ भुंगेरे भरून पाटाच्या काठानं, पडीक फडापर्यंत नेऊन सोडायला लागला. गवत हटलं तर त्याला गावात राहता येणार होतं. नाही हटलं तर फाटक होतंच. पण पंचांचा हुकूम अजून कायम होता, किडा दिसला की हाळी आणि हाळी ऐकली की पंप. आणि वाटेवरची माती सुकदेव रोज निंबाच्या फांदीनं सारखी करत होता. उखर्डूच्या उजव्या पायाची टाच घासत जाते, हे सुकदेवाला त्यानंच कधीतरी दाखवलं होतं.

पाचव्या सकाळी सुकदेव पाटावर आडवा उभा होता.

"नाना, डबामा काय शे?"

"काय नही," उखर्डू म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि तो स्वतःच दचकला. सुकदेवानं पुढे होऊन डबा घेतला, झाकण उघडलं, आत बघितलं. मग गावाकडे बघितलं.

"पंचेसनी सांगेल शे. किडा दिसना का हाळी मारानी."

"माले म्हाईत शे." उखर्डूनं दोन्ही हात पुढे केले. कोपरांपासून बोटांपर्यंत कातडी पुन्हा लाल व्हायला लागली होती. "मांगला साल मी खरं सांगं नही, सुकदेव. तिसरी ओळमा एक बी भोक नव्हतं. माले दिसेल व्हतं. मी पंचेसले सांगं नही."

सुकदेवानं डब्यातल्या किड्यांकडे पुन्हा एकदा बघितलं. "मंग आते तुम्ही खरं बोली ऱ्हायनात, हाई मी कसावरथून समजू?"

हा सवाल उखर्डूचाच होता. शेकडो माणसांना त्यानं तो याच पाटावर विचारला होता आणि त्यांना उत्तर सुचलं नाही की खूश झाला होता. सुकदेवानं झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला आणि गावाच्या वाटेनं चालू लागला. पाराकडे गेला की घराकडे, ते वळणामुळे दिसलं नाही.

त्या दिवशी उखर्डूनं ओसरी सोडली नाही. पंपाचा आवाज येतो का, गडी जमतात का, याकडे कान लावून बसला. भिकुबाईनं दोनदा विचारलं, काय झालं. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, आणि यातही काहीतरी काळंबेरं असणार असं त्याला वाटत राहिलं. उद्या सकाळी एकदम घेरणार असतील. माग दाखवून, पाच दिवसांची पावलं पंचांसमोर मोजून.

उजाडताच तो पाटावर गेला. कुणीच नव्हतं. आसरांकडे जाणारी वाट पाटापासून बंधाऱ्यापर्यंत अगदी सारखी झाडलेली होती. जागल्याची हद्द पाटाला संपते, त्यापलीकडे कुणी कधी फांदी फिरवत नाही. तीस वर्षांत त्यानंही फिरवली नव्हती. त्याच्या घासत्या टाचेची पाच दिवसांची एकूण एक पावलं पुसून गेली होती, आणि वाटेच्या कडेला निंबाची ताजी फांदी पडली होती.

उखर्डू खाली वाकला. मातीत सुकदेवाचं पाऊल कुठं उमटलंय का, ते बघायला त्याचे डोळे सवयीनं निघाले होते. ते त्यानं आवरले. मग डबा काखेत मारला आणि त्या मऊ मातीवर पाऊल टाकून आसरांकडे चालू लागला.